चौथी बाटली

कार्बोरेटर उघडला तेव्हा त्याच्या तळाशी
चिमूटभर लाल गाळ होता, टाकीच्या गंजाचा,
तीस वर्षं हळूहळू खाली बसलेला.
मी तो पेपरवर झटकला.
बेंडकुळे काका म्हणाले, टाकू नकोस,
आणि मग स्वतःच फुंकर मारून उडवला.

वन-वन-एट एनई. सिन्नरच्या भंगारातून वजनावर आणलेली,
दोन दरवाजे पांढरे, दोन निळे.
तिला इंजेक्शन बसवायचं हे माझंच खूळ.
अंबडच्या शेडमध्ये, मागे प्रेस मशीनची धपधप,
फरशीवर पाना ठेवला
तर संध्याकाळपर्यंत वीतभर सरकतो.

नवा पंप, नवी रेल, परतीची वेगळी लाइन.
आणि टाकीशेजारी लिटरभराचं भांडं, मीच वेल्ड केलेलं.
घाटात वळणावर मोठ्या टाकीतलं पेट्रोल एका अंगाला पळतं,
तेव्हा पंपाच्या तोंडाशी घोटभर धरून ठेवायला.
काकांनी ते नखानं वाजवून पाहिलं.
"तांब्या," म्हणाले.
वायरिंगच्या चिठ्ठीवर आता तसंच लिहिलंय.

काका मायकोत नोझलला होते, एकतीस वर्षं.
मायक्रॉनमध्ये बोलतात, न्हाव्याकडे गेले तरी.
टेस्ट बेंचच्या किंकाळीनं कान गेले.
उजव्या तळव्यात एक पांढरा ठिपका:
दोनशे बारनं डिझेल आत शिरलं होतं, सुईहून बारीक.
"दुखलं नाही बघ. म्हणून तर घाबरलो."
माझा गेज तीनवर थरथरत होता.
"तीन?" ते हसले. "रंगपंचमी आहे का?"

खोकल्याच्या औषधाच्या चार बाटल्या, कडेला मापाच्या रेघा.
वर चार इंजेक्टर. तीस सेकंद.
काकांनी एकेकावर बोट टेकवलं,
वैद्य नाडी बघतो तसं,
म्हणजे तसं नाहीच. वैद्य विचारात पडतो.
काका लगेच म्हणाले, चौथा.
तीन बाटल्या साठ मिलीला. चौथी बावन्नला.

आठ मिलीनं काय होतं, मी विचारलं.
ओठांवरून त्यांना कळलं.
"उपाशी सिलिंडर थंड पडत नाही, पोरी.
तापतो. पिस्टनला भोक पडेपर्यंत तापतो."

सराफ बाजारात मुकुंदशेठकडे
दागिने धुवायचं यंत्र आहे.
एका बाईचं मंगळसूत्र, दोन जोडवी बाहेर निघाली,
मग त्याच पाण्यात आमचा इंजेक्टर.
"पेट्रोलचा वास नाही ना लागायचा?"
"छे, कालच धुतलाय," मी म्हणाले. खोटं होतं.
टोकातून काळी दोऱ्यासारखी रेघ निघाली,
थोडी वळली, आणि पाण्यात विरली.
मुकुंदशेठनी पैसे घेतले नाहीत.
फक्त सवयीनं तराजूत ठेवून पाहिला.

पहिल्या दिवशी गाडी चालू झाली नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
त्याबद्दल मी बोलणार नाही.

रविवारी पहाटे पेठ रोडनं, सावळ घाटात,
टाकी पावच भरलेली, मुद्दाम.
काका शेजारी, पट्टा छातीशी घट्ट,
तळवा डॅशबोर्डवर पालथा, ठिपका खाली.
हजारो नोझल त्यांच्या हातून गेली,
कुठल्या ट्रकांत बसली, त्यांना माहीत नाही.
डावं वळण आलं, लांबलचक, उतारावरून चढाला लागणारं,
जिथं कार्बोरेटर हमखास ठसकला असता.
मी पाय काढला नाही.
मागे पेट्रोल एका बाजूला आदळलं, ते मला ऐकू आलं,
इंजिनाला नाही.
काकांनी तळवा उचलला, परत ठेवला.

वरच्या टपरीपाशी थांबलो.
चहा सांगायच्या आधी ते मागे गेले,
सायलेन्सरपाशी उकिडवे बसले,
नाक पुढे करून एकदाच हुंगलं.
"रिच आहे. चौथा नाही. चारही."

लॅपटॉप माझ्या मांडीवर उघडा होता.
बारा पूर्णांक एक.
तो आकडा मी अजून त्यांना दाखवला नव्हता.